कापूस बर्फातून आत यायला तयार नाही! जाड केसांच्या कुत्र्याला थंडी किती चालते?

हळदीचं_पान | १३ डिसेंबर, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. आम्ही अमेरिकेत, मिनेसोटा राज्यातल्या मिनियापोलिसला राहतो. ऑगस्टमध्ये आमच्याकडे कापूस आला. ग्रेट पिरेनीज, वय सहा, वजन ४८ किलो, रंग नावाप्रमाणे. आधी एका फार्मवर मेंढ्या राखायचा. मालकांनी मेंढ्या विकल्या आणि हा बेकार झाला.

उन्हाळाभर हा प्राणी एसीच्या जाळीवर पोट टेकून पडलेला असायचा. पहिला बर्फ पडला आणि याच्या अंगात पिल्लू संचारलं. आता अडचण अशी की तो आतच येत नाही. काल बाहेर उणे १५ होतं (सेल्सियस). हा मागच्या अंगणात खड्डा उकरून बसलेला, पाठीवर दोन बोटं बर्फ, डोळे मिटलेले. हाका मारल्या, चीज दाखवलं. एक डोळा उघडला, शेपूट दोनदा आपटली, परत झोपला.

मला सातवा महिना आहे म्हणून आई सांगलीहून आली आहे. ती खिडकीत उभी राहून डोळ्यांना पदर लावते. "मुकं जनावर, बोलता येत नाही म्हणून असं गारठ्यात ठेवायचं?" तिने त्याच्यासाठी स्वेटर विणायला घेतलाय. लोकरीचे सात गुंडे संपले, अजून गळा व्हायचाय. त्यात परवा शेजारच्या बाई दार वाजवून अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "तुमचा कुत्रा बाहेर राहिलाय, माहीत आहे ना?" नवरा म्हणतो, त्याचं त्याला कळतं. मला कळत नाही ना!

तर सांगा, अशा कुत्र्याला थंडी किती चालते? ओढून आत आणायची वेळ कशावरून ओळखायची? आणि स्वेटर घालावा का? (या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आईला वाचून दाखवणार आहे, तेव्हा बेताने लिहा.)

तिखटमीठ | १३ डिसेंबर, रात्री ९:२२

आईंना साष्टांग नमस्कार. आम्ही इतकी वर्षं काकडतोय, आम्हाला कोणी मफलरसुद्धा विणला नाही.

बर्फाळलेला_बाप्या | १३ डिसेंबर, रात्री ११:०५

कॅनडात, कॅलगरीला गेली अकरा वर्षं आधी हस्की आणि आता मॅलाम्यूट सांभाळतोय. मी आणि बायको दोघंही कोल्हापूरचे, त्यामुळे थंडीचा अनुभव सगळा कुत्र्यांकडून शिकलेला.

पाठीवर बर्फ साचून राहिलाय ही सर्वात चांगली बातमी आहे. आतली ऊब बाहेर झिरपत असती तर बर्फ वितळला असता. या कुत्र्यांच्या अंगावर दोन थर असतात. खाली दाट मऊ लोकर, वर लांब राठ केस. खालची लोकर हवा धरून ठेवते, वरचे केस वारा आणि बर्फ अडवतात. गोधडी कशी धरलेल्या हवेमुळे उबदार असते, तसंच. ती गोधडी दाबली, भिजवली किंवा तिच्या गाठी झाल्या की संपलं.

म्हणून स्वेटर नको. (काकू, रागावू नका.) त्याने केस दबतात, हवा निघून जाते आणि बर्फ वितळला तर लोकर ओली होऊन अंगाला चिकटते. फुगलेल्या गादीवर दगड ठेवण्यातला प्रकार.

थंडीच्या आकड्यापेक्षा ओल बघा. कोरड्या उणे १५ मध्ये माझा मॅलाम्यूट मजेत लोळतो, पण शून्याच्या आसपास पाऊस-बर्फ मिसळून पडतो तेव्हा मी त्याला दहा मिनिटांत आत घेतो. केस बाजूला सारून बोट मुळापर्यंत घाला. कातडी कोरडी आणि कोमट लागली तर निवांत राहा.

आणि हिवाळ्यात ब्रश सोडू नका. आठवड्यातून दोनदा तरी, कानामागे, काखेत आणि मांडीच्या मागे. गाठी तिथेच होतात.

परखड | १४ डिसेंबर, सकाळी ८:१५

मिनियापोलिस, कॅलगरी ठीक आहे. पण आमच्या सोसायटीत तीन हस्की आहेत. पुण्यात! एप्रिलमध्ये बिचारे लिफ्टच्या फरशीवर पसरलेले असतात. यांना थंडी किती चालते हा प्रश्नच नाही, उकाडा किती चालतो ते विचारा. हौसेला मोल नसतं म्हणतात, ते इथे कुत्रं मोजतंय.

पेठेतला_हस्की | १४ डिसेंबर, सकाळी ९:४०

परखड, मुद्दा मान्य, पण एक बाजू ऐका. माझी हस्की मी विकत घेतलेली नाही. आधीच्या मालकाने पिल्लू असताना घेतली आणि दीड वर्षाची झाल्यावर "केस फार गळतात" म्हणून सोडून दिली. आता ती मी कुठे नेऊ, सैबेरियात? उन्हाळ्यात पहाटे पाचला आणि रात्री दहानंतर फिरवतो, दिवसा एसी. वीजबिलावर बायको बोलत नाही, फक्त बघते.

डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या खाली गेला की मात्र हिचं माहेर येतं. अख्खी पेठ कानटोपी घालून चहाच्या टपरीवर आणि ही गच्चीवर गार फरशीला पाठ लावून.

एक विनंती, उन्हाळ्यात अशा कुत्र्यांचे केस कोणी पूर्ण भादरू नका. ती लोकर उन्हापासूनही वाचवते, आणि काहींचे केस पुन्हा धड उगवतच नाहीत.

परखड | १४ डिसेंबर, सकाळी १०:०२

दत्तक असेल तर टोपी काढतो. (कानटोपी. काढल्यावर थंडी वाजतेय.)

माजी_फौजी | १४ डिसेंबर, दुपारी १:३०

लेहला दोन हिवाळे काढलेत. रात्री उणे २० सहज. तिथली जाड केसांची गावठी कुत्री नाकावर शेपूट ओढून गोल होतात आणि सकाळी बर्फाचा ढीग हलला की कळतं, आत कुत्रा होता. पण ती जागा निवडून बसतात हे लक्षात ठेवा. भिंतीचा आडोसा, वाऱ्याकडे पाठ, दिवसा ऊन खायला दक्षिणेची बाजू.

म्हणून अंगणात आडोसा करून द्या. एक पेटी, जमिनीपासून वीतभर उचललेली, तोंड वाऱ्याच्या उलट बाजूला. फार मोठी नको, त्याच्या अंगाच्या उबेने गरम झाली पाहिजे. आत ब्लँकेट घालू नका, ते ओल शोषतं आणि गोठून पत्रा होतं. सुका पेंढा घाला. पाणी धातूच्या भांड्यात ठेवू नका, जीभ चिकटते. आणि बर्फ चाटतोय म्हणजे पाणी मिळतंय असं समजू नका.

हळदीचं_पान | १४ डिसेंबर, सकाळी ७:५० (आमची)

सगळ्यांचे मनापासून आभार! पाठीवरच्या बर्फाचं वाचून आईला दाखवलं. ती म्हणाली, "गोधडीचं पटलं, पण गळा पूर्ण करणार." पेंढा आज आणतो.

आईने आता तोडगा काढलाय. "बाहेर बसायचं तर पोटात ऊब पाहिजे" म्हणून रोज संध्याकाळी तूप लावलेली पोळी आणि डिंकाच्या लाडवाचा तुकडा. लाडू माझ्यासाठी आणलेत, तासगावचे बेदाणे घालून. लाडवासाठी मात्र कापूस बरोबर आत येतो, लबाड.

ढोरांचा_डॉक्टर | १४ डिसेंबर, सकाळी ८:०४

बाकी सगळं सोडा. बेदाणे ताबडतोब बंद. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक असतात. काही कुत्र्यांना मूठभर खाऊन काही होत नाही, काहींची किडनी थोड्याशाने निकामी होते, आणि आपला कुत्रा कुठल्या गटातला हे आधी कळायला मार्ग नाही. द्राक्षातल्या टार्टारिक आम्लामुळे हे होतं असं आता मानलं जातं. किती दिवस चाललंय, शेवटचा तुकडा कधी दिला? उलट्या, मलूलपणा, लघवी कमी, काही आहे? इथे उत्तर लिहीत बसू नका, आधी तुमच्या व्हेटला फोन करा.

हळदीचं_पान | १४ डिसेंबर, सकाळी ८:११

चार दिवस. काल संध्याकाळी शेवटचा. निघतोय.

सोनकेवडा | १४ डिसेंबर, सकाळी ९:३०

बाप रे. काळजी घ्या. आमच्याकडे तर शिऱ्यातले बेदाणे वेचून कुत्र्याला द्यायची पद्धत होती, माझे आजोबा द्यायचे. हे माहीतच नव्हतं.

तिखटमीठ | १४ डिसेंबर, सकाळी ११:१५

काही कळलं का?

हळदीचं_पान | १४ डिसेंबर, दुपारी ३:२०

आत्ताच आलो. रक्त तपासलं, आकडे सध्या ठीक आहेत. सलाईन दिलं, परवा आणि त्यानंतर पुन्हा तपासणी. तुकडे छोटे होते, बेदाणे दिवसाला दोन-तीन गेले असतील. आई सकाळपासून जेवली नाही. देवापुढे बसून आहे आणि कापूस तिच्या मांडीवर डोकं ठेवून. (आत! स्वतःहून!) डॉक्टरसाहेब, तुमचे उपकार कसे फेडू.

ढोरांचा_डॉक्टर | १४ डिसेंबर, संध्याकाळी ७:००

आईंना जेवायला लावा. हे आपल्याकडे बहुतेकांना ठाऊक नसतं. मूळचा साताऱ्याकडचा, आता ऑन्टारिओत प्रॅक्टिस करतो. आमच्याकडे हिवाळ्यात जी कुत्री येतात त्यांतली फार थोडी निव्वळ थंडीने आजारी पडलेली असतात, निदान जाड केसांची तरी. ती येतात ती अशी:

गाडीच्या रेडिएटरमधलं अँटिफ्रीझ (पाणी गोठू नये म्हणून घालतात तो द्रव) चाटून. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोडसर आणि अतिशय विषारी. कुत्रा आधी दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खातो, मग काही तास बरा झाल्यासारखा वाटतो आणि लोक निर्धास्त होतात. तोवर किडनी जात असते. उतारा आहे, पण पहिल्या काही तासांतच त्याचा खरा उपयोग. गॅरेजमध्ये हिरवट किंवा गुलाबी ओघळ दिसला तर लगेच पुसा.

बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर टाकलेलं मीठ पंजाला लागून भेगा पडल्या म्हणून, किंवा तेच मीठ चाटून उलट्या झाल्या म्हणून. घरी आल्यावर पंजे कोमट पाण्यात बुडवून, बोटांच्या बेचक्यांतून पुसायचे, बास.

निसरड्यावर पाय घसरून. सहा वर्षांचा पिरेनीज म्हणजे तसा प्रौढच, मोठ्या जाती लवकर म्हाताऱ्या होतात. सकाळी उठताना अडखळतो का बघा. सांधे दुखणाऱ्या कुत्र्याला लोकर कितीही असली तरी थंड जमिनीवर रात्र काढू देऊ नये.

तुमचा मूळ प्रश्न होता कधी ओढून आणायचं. अंग थरथरतंय, पंजे आळीपाळीने वर उचलतोय, चाल मंदावली, हाकेला प्रतिसाद नाही, अशा वेळी आत. चीज बघून एक डोळा उघडून शेपूट आपटणारा कुत्रा शुद्धीत आहे, फक्त उद्धट आहे. थरथरणारा कुत्रा थरथरायचा थांबला आणि सुस्त झाला तर तो सावरलाय असं समजू नका, ते जास्त वाईट. कुत्र्याचं तापमान साधारण ३८ ते ३९ असतं, ३७ च्या खाली गेलं तर दवाखाना. कानाची टोकं किंवा शेपटीचा शेंडा फिकट आणि कडक लागला तर चोळायचं नाही, हेअर ड्रायर नाही, फक्त कोमट पाण्याचा ओला कपडा आणि दवाखाना.

उलटंही सांगतो. आयुष्यभर बर्फात लोळणारा कुत्रा अचानक हीटरजवळ सरकायला लागला तर कौतुक करू नका, तपासून घ्या. थायरॉइड कमी झालं की असं होतं.

लातूरचा_भोपळा | १५ डिसेंबर, सकाळी ६:५०

आमच्याकडे कारवानी जातीचा कुत्रा. अंगावर केस म्हणजे नावाला, बरगड्या मोजून घ्या. डिसेंबरात पहाटे तो असा हुडहुडतो की आम्ही जुनं गोणपाट पाठीवर बांधून देतो. स्वेटर अशाला पाहिजे. काकू, तो इकडं पाठवा, मात्र ४८ किलोच्या मापात आमचे दोन कारवानी बसतील.

बर्फाळलेला_बाप्या | १५ डिसेंबर, रात्री १०:४०

मिठाचा विषय निघालाच आहे तर बुटांचं बोलू. बूट घातल्यावर पहिल्या दिवशी कुत्रा लेझीम खेळतो. व्हिडिओ काढून घ्या, पुन्हा इतकी मजा येत नाही. अलास्कातल्या इडिटारॉड या कुत्र्यांच्या बर्फगाड्यांच्या शर्यतीत प्रत्येक कुत्र्यामागे स्लेजवर आठ बूट ठेवायचा नियम आहे, तेव्हा बूट म्हणजे लाड नव्हेत. ते थंडीसाठी कमी आणि पंजा सोलू नये म्हणून जास्त. बूट काही केल्या ठेवत नसेल तर पंजाच्या गाद्यांना मेण लावायचं आणि बोटांमधले केस गाद्यांच्या बरोबरीने कापायचे, नाहीतर तिथे बर्फाच्या गोट्या जमतात. पिरेनीजला मागच्या पायांना आतल्या बाजूने दोन-दोन जादा नखं असतात, तीही बघा. जमिनीला लागत नसल्याने झिजत नाहीत, वळून मांसात शिरतात.

सोनकेवडा | १६ डिसेंबर, रात्री ९:००

बुटांच्या विरोधात मत. बूट आतून ओले राहिले तर पंजा भिजत राहतो. आम्ही बॉस्टनला नुसतं मेण वापरतो. कुत्र्याच्या पायात शिरा आणि रोहिण्या इतक्या लगटून असतात की खाली जाणारं गरम रक्त वर येणाऱ्या थंड रक्ताला ऊब देतं, असं जपानमधल्या संशोधकांनी दाखवलंय. म्हणून बर्फावर पाय ठेवूनही पंजे गोठत नाहीत. निसर्गाने दिलंय ते वापरू द्या.

बर्फाळलेला_बाप्या | १६ डिसेंबर, रात्री ९:२५

निसर्गाने रस्त्यावर मीठ टाकलेलं नाही, सोनकेवडाताई.

सोनकेवडा | १६ डिसेंबर, रात्री ९:३१

:) घ्या, एक गुण तुम्हाला. पण आमची बूट खाते. दोन जोड्या पचवल्यात.

विजेचा_खांब | १७ डिसेंबर, संध्याकाळी ६:१५

मिठावरून आणखी एक. मी वीज क्षेत्रात काम करतो. मिठाचं पाणी विजेचं उत्तम वाहक. जमिनीखाली कुठे जुनी केबल उघडी पडली असेल तर रस्त्यावरचं लोखंडी झाकण, दिव्याचा खांब यांत वीज उतरू शकते. आपल्या पायात रबराचे बूट, कुत्र्याचे चारही पाय उघडे आणि ओले. २००४ साली न्यूयॉर्कमध्ये कुत्री फिरवणाऱ्या एका तरुणीचा असाच मृत्यू झाला. कुत्रा एखाद्या झाकणापाशी विनाकारण किंचाळून उडाला तर त्याला धरायला हात पुढे करू नका, पट्ट्याने बाजूला ओढा आणि कळवा.

घरातल्या कोरड्या हवेत कुत्र्याच्या नाकाला हात लावल्यावर चटका बसतो तो वेगळा. त्याने फक्त दोघांचा अपमान होतो.

तिखटमीठ | १७ डिसेंबर, संध्याकाळी ६:४०

आधी लाडू, मग अँटिफ्रीझ, आता गटाराचं झाकण. एकूण या धाग्यात थंडी सोडून सगळं जीवघेणं आहे.

तळ्याकाठी | १८ डिसेंबर, रात्री १०:२०

मीही मिनेसोटात. तळ्याचं राहिलं. मिनेसोटाचा निसर्गसंपदा विभाग सांगतो की माणसाने चालायला निदान चार इंच स्वच्छ, नवा बर्फ हवा. कुत्रा हे वाचत नाही. मागच्या एका वर्षी डिसेंबरमध्ये माझी लॅब्रॅडोर कुत्री बदकांमागे धावली आणि काठापासून वीसेक फुटांवर आत गेली. मी जॅकेट काढून निघाले होते. नवऱ्याने मागून कमरेला मिठी मारून धरून ठेवलं. आपत्कालीन सेवेला फोन केला, काठावर आडवी पडून तिला नावाने हाका मारत राहिले. तिने पुढचे पंजे काठावर टेकवून बर्फ फोडत फोडत स्वतःच वाट काढली. अग्निशमनवाले आले तोवर ती गाडीत टॉवेलमध्ये होती आणि मी रस्त्यावर बसून रडत होते. त्यांनी मला ब्लँकेट दिलं.

तेव्हापासून तळ्याजवळ पट्टा सुटत नाही. पिरेनीज तर सोडला की शेताच्या हद्दी मोजायला निघतो असं ऐकलंय.

हळदीचं_पान | १९ डिसेंबर, सकाळी ७:३०

तळ्याकाठी, वाचून काटा आला. आणि हद्दींचं शंभर टक्के खरं. रात्री दोनला उठून तो संपूर्ण कुंपणाला फेरी मारतो आणि प्रत्येक कोपऱ्यात एकदा भुंकतो. शेजारच्या बाई गोड आवाजात का बोलतात ते आता कळलं.

दोन्ही तपासण्या चांगल्या आल्या!

माजी_फौजी | १९ डिसेंबर, सकाळी ९:००

ड्यूटीवर आहे तो. झोपायच्या वेळा ठरवून द्या, म्हणजे ड्यूटी बदलली असं वाटेल. रात्री दहाला अखेरची फेरी तुम्ही त्याच्याबरोबर मारा, मग आत, दार बंद.

परखड | २० डिसेंबर, रात्री ८:१०

एक शंका. हवामानखातं "वाऱ्यासह उणे ३०" वगैरे सांगतं, ते कुत्र्याला लागू का?

बर्फाळलेला_बाप्या | २० डिसेंबर, रात्री ८:४५

तसंच्या तसं नाही. ते गणित २००१ मध्ये नव्याने बसवलं तेव्हा माणसांना थंड वाऱ्यात चालायला लावून चेहऱ्यावर मोजमाप घेतलं होतं. ते आपल्या उघड्या गालांचं गणित आहे. कुत्र्याचे गाल झाकलेले असतात. पण जोराचा वारा केस विंचरून कातडीपर्यंत पोचतो, म्हणून फौजीसाहेबांचा आडोसा.

हळदीचं_पान | २३ जानेवारी, दुपारी १२:४०

धागा वर काढतेय, क्षमस्व. गेल्या आठवड्यात मुलगी झाली. दोघी छान.

कापसाचं वेळापत्रक फौजीकाकांच्या सल्ल्याने चाललंय. दहाची फेरी नवरा मारतो. पहिले तीन दिवस दाराशी रडगाणं, मग सरळ पाळण्याखाली जाऊन पडला. आता मेंढी ती आहे. मध्ये उणे २५ झालं तेव्हा तो दर अर्ध्या तासाने आपण होऊन आत यायचा, पाळण्याचा वास घ्यायचा, परत बाहेर. पेटीतला पेंढा त्याने काढून बाहेर पसरला आणि त्यावर झोपतो. पेटीत खार राहते.

स्वेटर आईने उसवला. त्याच लोकरीतून बाळाचं टोपडं, दोन मोज्यांचे जोड आणि माझी शाल झाली, तरी दोन गुंडे उरलेत. सगळ्यांत पांढरे केस विणले गेलेत. पोळीवरही सापडतात, तुपातही.

बेदाण्यांचा डबा आईने कुलूपबंद केलाय आणि किल्ली हरवलीय.

लातूरचा_भोपळा | २३ जानेवारी, दुपारी १:०५

अभिनंदन! दोन गुंड्यांत एक कारवानी बसतो.

नवा_पाहुणा_२ | २३ जानेवारी, रात्री ११:५०

नमस्कार, आत्ताच सदस्य झालो. नाशिकला आहे, माझ्याकडे पामेरियन आहे. इथे फार थंडी आहे, त्याला स्वेटर घालावा का?

तिखटमीठ | २३ जानेवारी, रात्री ११:५२

बसा. चहा घ्या. पान एकपासून सुरू करा.